माझं वकीलपत्र कोणी दिलं?

नेवासे, पौष वद्य अष्टमी, शके १८६७

पायांवर डोकं ठेवलं असं समजा, कारण आज डोकं ठिकाणावर नाही.

माझं वकीलपत्र तुम्हाला कोणी दिलं? काल माझा भाऊ नृसिंह नगरहून, तुमच्याकडून आला. तुम्ही म्हणे कायदेमंडळाच्या निवडणुकीला उभं राहणार नाही, का तर ‘कुटुंब थकलंय, परत कोर्टात जाईन.’ मी थकले असं कधी म्हटलं? तीन वर्षं तुम्ही विसापूरच्या तुरुंगात, तेव्हा घर कोणी चालवलं?

आणि कोर्टात घालणार काय? तुमचा काळा डगला उसवून मी गोधडीत घातला. तीच पांघरून तुरुंगात निजलात, तेव्हा बरी ऊब लागली.

भावजय सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे, आवाज खणखणीत. इतकी वर्षं साहेबाचे कायदे पाठ केलेत, आता हिच्यासाठी आपले लिहा.

खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा घेता की ओतून देता? मी बरी आहे. गुडघे जरा धरतात, पण त्याला थकणं म्हणत नाहीत.

अर्ज शनिवारी भरायचा आहे. गुरुवारच्या टपालाने मला तुमचा होकार हवा. युक्तिवाद नको.

तुमची न थकलेली,
अंबिका