देवापुढची पत्रिका

आई,

हे पत्र मी पाठवणार नाही, तरी लिहितेय.

तुमच्या शौनकपासून वेगळी होऊन मी कोपरखैरण्यात राहायला आले, त्याला वर्ष झालं. आता दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज करता येतो. पण वकीलबाई म्हणाल्या, आधी लग्न झाल्याचा पुरावा आणा. आम्ही लग्न रजिस्टर कुठे केलंय! म्हणून काल वाशीला येऊन तुमच्याकडे लग्नपत्रिका मागितली, आणि पासपोर्टला हवीय असं खोटंच सांगितलं. तुम्ही देवापुढची काढून दिलीत. कोपऱ्यांना हळदकुंकू अजून तसंच होतं. मला मान वर करवेना.

मी दारात चपला घालत होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "जाई, ही जपून ठेव हो. वकिलाला झेरॉक्सच दे."

पाच मजले मी जिन्यानेच उतरले, इतकं हलकं वाटत होतं.

तुमचीच,
जाई