दहाव्या रिळातली चादर

४ नोव्हेंबर १९८१, बुधवार

नाशिक रोडला उतरलो. हवेत छान गारवा होता आणि स्टेशनाबाहेर पेरू विकणारी बाई मला चक्क "साहेब" म्हणाली. नगर जिल्ह्यात सहा वर्षं तंबू टॉकीजचा भोंगा घेऊन बोंबलत हिंडलो, तिथे कुणी माझ्या निवृत्ती या नावापुढे नुसतं "भाऊ" लावलं नाही. तेव्हा मुहूर्त झकास. म्हणून आजपासून रोजनिशी.

नोकरी गोदावैभव टॉकीजमध्ये, हुद्दा पब्लिसिटी मॅनेजर. मालक कोंडाजी आप्पा. घरची द्राक्षं, सिनेमातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण टॉकीज ओस पडलीय एवढं कळतं. त्यांनी स्वच्छ सांगितलं की संक्रांतीपर्यंत गर्दी दिसली पाहिजे, नाही तर मी नगरची गाडी धरावी. मी म्हटलं, आप्पा, पोलीस बोलवावे लागतील एवढी गर्दी करतो.

राहायला टॉकीजच्या मागच्या चाळीत खोली. लोखंडी खाट, टेबल, खुर्ची. फर्स्ट क्लास.

शुक्रवारी ‘काला पलंग’ लागतोय. भुताचा आहे. हवेलीत एक काळा पलंग, त्यावर पांढऱ्या चादरीखाली कुणीतरी पडलेलं, आणि दहाव्या रिळात नायिका ती चादर ओढते. ऑपरेटर सावळीरामने दुपारी रिकाम्या थेटरात मला लावून दाखवला. चादरीखालून निघाली एक म्हातारी एक्स्ट्रा, तोंडाला कणीक थापलेली. मी पोट धरून हसलो. सावळीराम हसला नाही. तो म्हणाला की हे रीळ चालू असताना तो मशीनमधल्या जळत्या कार्बनकांडीकडे बघत बसतो, पडद्याकडे बघत नाही. ऑपरेटर आणि सिनेमाला भितो! असले नग नाशिकलाच भेटायचे.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिल्या खेळाला माणसं कमी, ढेकूण जास्त. पण एक गंमत झाली. दहाव्या रिळाला सगळं थेटर गप्प. शिट्टी नाही, खोकला नाही, शेंगा फोडायचा आवाज नाही. खेळ सुटल्यावर मी दाराशी उभा राहून चारपाच जणांना विचारलं, चादरीखाली काय दिसलं? प्रेसमधला एक कामगार म्हणाला, म्हातारा होता, दात पडलेला. कॉलेजातली पोरगी म्हणाली, लहान मूल होतं. एक गृहस्थ चपला हातात घेऊन चालू लागले. नाशिककरांना धड सिनेमाही बघता येत नाही. मला मात्र तीच कणीकवाली म्हातारी दिसते. माझ्या डोळ्यांत दोष नाही आणि मनातही नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार

नगरची युक्ती बाहेर काढली. तीनच्या खेळाला बायका जास्त असतात. त्यांच्यात आपल्या दोन बाया बसवायच्या. दहाव्या रिळाला चादर उघडली की एकीने किंचाळून खाली पडायचं. दुसरीने "मेली गं बाई" म्हणून गलका करायचा. मग स्ट्रेचर. पण खरी मेख पुढे आहे. मूर्च्छा आलेल्या बाईला घरी न्यायचं नाही. व्हरांड्यात, पोस्टरखाली, खेळ सुटेपर्यंत स्ट्रेचरवर तसंच पडू द्यायचं. सुटणारे लोक बघतात, सहाच्या खेळाला आलेले बघतात आणि गावभर बोलतात. असली जाहिरात भिंती रंगवून होत नाही.

बाया मिळाल्या. गलक्याला लंकाबाई, भाजी विकते, घसा अस्सल. पडायला सुलाबाई, सायखेड्याची, चाळिशीची, किडकिडीत, कॉलनीत धुणीभांडी करते. तिचा नवरा सहादू चार महिने घरी बसून होता. त्याला मी आप्पांकडून डोअरकीपरची नोकरी, बिल्ल्याच्या पट्ट्यासकट, मिळवून दिली, म्हणजे बाई हक्काची झाली.

तालीम घेतली. ताठ पडायचं, डोळे मिटायचे, मी "ऊठ" म्हणेपर्यंत हलायचं नाही, कुणी चिमटा काढला तरी नाही. सगळं ऐकून घेऊन सुलाबाईने विचारलं, "आन् साहेब, खरंच कायतरी झालं मंग? तुमाला कसं उमजंल?" मी म्हटलं, खरंच झालं तर तू इतकं चांगलं पडणारच नाहीस. सगळे हसले. तीही हसली.

११ नोव्हेंबर, बुधवार

बाजाराचा दिवस, गाव माणसांनी भरलेलं. सुलाबाई पडली ती अशी, की मीच दोन पावलं पुढे धावलो. पाऊण तास स्ट्रेचरवर निपचित. डोळ्यावर माशी बसली तरी हलली नाही. सहाला बाल्कनी फुल्ल. आप्पांनी मला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला.

१६ नोव्हेंबर, सोमवार

पंचवटीपासून रिक्षा भरभरून येताहेत. पाटी रंगवली: "कमजोर काळजाच्यांनी येऊ नये." ती वाचून कमजोर काळजाचेच आधी येतात.

सुलाबाई आज खेळ सुटल्यावर मागे रेंगाळली. म्हणाली, चादरीखाली ती सिनेमातली बाई नाही, तिची सासू आहे. सासू सायखेड्याला अंथरुणाला खिळून होती. सुलाबाई तिला एकटी टाकून दोन दिवस भावाच्या लग्नाला गेली आणि परतली तेव्हा म्हातारी संपली होती. "रोज थोडं थोडं डोळं उघडती, साहेब. परवा मिटलेलं व्हतं." मी म्हटलं, छान, आता तुला नाटक करायची गरज नाही. तिला हे आवडलं नसावं. पण मला सुचलं ते मी बोललो आणि खोटं काय होतं त्यात?

२० नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरा आठवडा. अशी किंचाळी मी जन्मात ऐकली नव्हती. थेटरातल्या दोन बाया खऱ्याच रडायला लागल्या.

सुलाबाई काम सोडते म्हणते. पाया पडली. छातीत कळ येते, डावा हात जड होतो, घरी झोपेत दचकते. लंकाबाईनेही रदबदली केली की चार दिवस मी पडते, हिला गलका करू द्या. पण लंकाबाई पडते म्हणजे बटाट्याचं पोतं पडतं. मी सुलाबाईला बाजूला घेतलं आणि गोड शब्दांत सांगितलं की ती गेली तर सहादूचा पट्टाही जाईल. तिने पदर डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "येते उंद्या." बाई शहाणी आहे.

२५ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी साडेपाच. आजच्यासारखा खेळ झाला नाही! किंचाळी नाहीच. चादर उघडली, सुलाबाई उभी राहिली, पडद्याकडे हात जोडले आणि मुकाट्याने घसरत खाली गेली. मी तालमीत शिकवलं होतं त्याहून कितीतरी सरस. लंकाबाई गलका करायचीच विसरली. स्ट्रेचरवर आणली तर तोंड काळंनिळं, ओठाला फेस. म्हटलं, वा, साबण चघळला वाटतं.

फक्त एक चूक केली तिने. व्हरांड्यात ओठ हलवायला लागली, हातही उचलला. लोक बघत होते. मी वाकून कानात म्हटलं, पडून राहा, गर्दी बघतेय. तरी हात हलायचा थांबेना. शेवटी स्ट्रेचरवरची चादर तिच्या तोंडावर ओढली, म्हणजे हललेलं दिसायला नको. लोकांना ते फारच आवडलं. सहादूने रांग नीट लावली होती, दोघादोघांना स्ट्रेचरजवळून पुढे सोडत होता. त्यालाही बायकोचं कौतुक वाटत होतं, शेजारच्याला सांगत होता, आमचीच हाय.

रात्री आठ. सुलाबाई गेली.

सहाचा खेळ सुरू झाल्यावर मी "ऊठ" म्हटलं. दोनदा म्हटलं. सहादूने चादर काढली.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टर म्हणाले हृदयविकार. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण म्हणाले की पडल्यावर अर्धा तास तरी जीव होता, आधी का नाही आणलं. मी म्हटलं आम्हाला काय कल्पना.

लंकाबाईच्या घरात कुणाला मी पट्टा दिलेला नाही, तिला कसली भीती. व्हरांड्यात सगळ्यांदेखत मला म्हणाली, "पाणी मागत व्हती ती. म्या जवळ व्हते. तू तोंड झाकलंस मेल्या." तिला कामावरून काढलं.

आप्पा घाबरतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, आता पाटीवर काय लिहिणार? मी लिहिलं. मीच लिहिलं. "भीतीने घेतला एकीचा बळी! तुम्ही बघाल?" रंग वाळायच्या आत रांग फाटकाबाहेर गेली.

सहादू आज कामावर आला होता. तिकिटं फाडत होता.

२८ नोव्हेंबर, शनिवार

लिहू की नको असं झालं होतं. तीनचा खेळ. मी नेहमीसारखा मागच्या दाराशी उभा. नायिकेने चादर ओढली.

कणीकवाली म्हातारी नव्हती.

काळंनिळं तोंड. ओठाला फेस. ओठ हलत होते. आवाज नव्हता, पार्श्वसंगीत वाजत होतं, पण ओठ काय म्हणत होते ते मला कळलं. प्रेसवाल्याला दात पडलेला म्हातारा का दिसला, तेही कळलं. तो त्याचा कोणी होता. माझं कोणी नव्हतं म्हणून मी हसत होतो.

झोप झाली नाही त्याचा परिणाम असेल.

३० नोव्हेंबर, सोमवार

काल दोन्ही दुपारच्या खेळांना दिसली. आज सकाळी सावळीरामच्या पाया पडलो. त्याने तो तुकडा कापला, नायिका चादर पकडते तिथपासून हवेलीचं दार लागेपर्यंतचा. फिल्म माझ्या हातात दिली. मी ती उजेडात धरून पाहिली, प्रत्येक चौकटीत कणीकवाली म्हातारी. मग ती खिशात घालून तीनच्या खेळाला बसलो.

पडद्यावर चादर आली. ओढली गेली. सुलाबाईने मान वळवली. आधी छताकडे बघायची, आज माझ्याकडे—

लोक ओरडत होते की सीन कापला, पैसे परत द्या. त्यांना काहीच दिसलं नाही. सावळीरामने मशीन बंद केलं तरी ती तिथेच. पांढऱ्या पडद्यावर. पाणी मागत.

१ डिसेंबर, मंगळवार

टॉकीजला गेलो नाही. आप्पांनी माणूस पाठवला, ताप आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळच्या गाडीने नगरला जायचं ठरवलं. स्टेशनवर गेलो. वेटिंगरूममध्ये बाकावर कोणीतरी पांढरी चादर घेऊन झोपलं होतं. प्रवासी असेल. प्रवासीच असेल. पण चादरीखालून हात वर—

परत आलो.

सहादूच्या घरी गेलो. सगळं सांगायचं ठरवलं होतं. पट्ट्याची धमकी, तोंडावर चादर, सगळं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला की मी रांग लावत होतो, साहेब, तुम्ही म्हणाला होता रांग मोडू नको. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२ डिसेंबर, बुधवार

दुपारचे पावणेचार. बाजाराचा भोंगा ऐकू येतोय. चाळ रिकामी, सगळे टॉकीजमध्ये.

ती खाटेवर आहे.

मी तोंड धुवायला मोरीत गेलो होतो. दोन मिनिटं. चादर घडी करून उशाला ठेवली होती. आता पसरलेली आहे, डोक्यापासून पायापर्यंत. खाली कोणीतरी किडकिडीत—

खाट दाराला लागून. बाहेर जायचं तर तिच्या अंगावरून हात घालून कडी काढावी लागेल. टेबलाशी बसलोय. लिहितोय तोवर वर बघायला नको.

श्वास ऐकू येतोय. घरघर. मारायला आलेली नाही ती. तसं असतं तर— तिला माझं काही नको. पाणी पाहिजे. ऊन चढलेलं असताना माणूस मागतं तसं मागतेय, हळू, "साहेब, घोटभर."

ती अजून गेलेली नाही. हेच आहे ते. तो अर्धा तास संपलेलाच नाही. रोज तोच चाललाय, आणि रोज कोणीतरी उठून पाणी द्यायला—

चार वाजले. अजून जीव आहे. तांब्या टेबलावर, माझ्या कोपराशी. भरलेला. तीन पावलं. चादर बाजूला करायची, मान उचलायची, ओठाला लावायचा. एवढंच तर. कुणीही करेल.

पाय उचलत नाहीत.

चार वाजून दहा. घरघर कमी. हात वर आला. बोटं—

उठतो. देवा, उठतो. पण तोंड बघावं लागेल. तोंड न बघता पाणी कसं—

चार वाजून वीस. श्वास थांबत थांबत. आता दोन श्वासांत मोठं अंतर. आत्ता दिलं तर वाचेल. आत्ता. तांब्या हातात घेतलाय. सांडतोय, कागदावर—

चादर धरून ठेवलीय मी. टेबलाशीच बसलोय आणि माझाच हात तिकडे चादर धरून, खाली दाबून—

सुलाबाई, थांब, मी ये