देवघरातला माठ

नल्लकुंटा, गुरुवार, एप्रिल १९९६

आज जिंकलो. सांगायला कुणी नाही, म्हणून इथं लिहितो.

डायलिसिस सुरू झाल्यापासून मला पाणी मोजून मिळतं. सुमनने तर माठच उचलून देवघरात नेला. नवरा नास्तिक, तिकडे फिरकणार नाही! बायकोची अक्कल. पण घसा सुकला की कसला नास्तिक? परवा शिरलोच, आणि समईच्या उजेडात पकडला गेलो.

डॉक्टरीणबाई म्हणतात, तहानेशी भांडू नका, तिच्याकडे नुसतं बघा. कुठं लागते, कशी चढते, कशी उतरते. जन्मभर कोर्टात भांडलो, आता हे शिकतोय. या आजारात अंगाला सुटणाऱ्या खाजेवर जमायला लागलंय. पण तहानेवर?

संध्याकाळी शेजारी रेड्डींकडे केबल आली म्हणून सुमनबरोबर बघायला गेलो. वहिनींनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी हात आखडता घेतला.

"हमारे घर का पानी नक्को क्या, वकीलसाब?"

आता काय करणार? सुमनने डोळे वटारले. मी ग्लास घेतला, एकच घोट तोंडात धरला आणि डोळे मिटले. गारवा जिभेवर, मग गालात, मग घशाशी. वाळ्याचा वास. तेवढंच बघत राहिलो. ग्लास भरलेलाच खाली ठेवला. तहान होती, पण ओरडत नव्हती.

घरी आल्यावर सुमन थेट देवघरात गेली. आत्ता स्वयंपाकघरात डोकावलो, तर माठ पुन्हा आपल्या तिवईवर. झाकणावर माझं फुलपात्र, पालथं.