पालथा रांजण

सुनंदाच्या आई,

न्हाणीघरात जायच्या आधी हे वाच. रांजण, हंडे, पिंप, सगळं मी रिकामं केलंय. तू सुनंदाला आणायला वैजापूरला गेलीस आन् मागं आरोग्य खात्याच्या बाई आल्या. त्यांनी रांजणात बॅटरी मारली तर अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूच्या डासाच्या हायेत म्हणाल्या. मी लगोलग पाणी कडुनिंबाला ओतलं, भांडी काथ्यानं घासली आन् उन्हात पालथी घातली.

नळ आठवड्यानं येतो, त्यात तू हे पोरीच्या बाळंतपणासाठी साठवलेलं. लई बोलशील, ठाऊक हाय. पण मागच्या पावसाळ्यात सुनंदा तापली तवा काय गेलं, ते आपल्या दोघांनाबी माहीत हाय. तिच्यापुढं ते काढू नको. पाण्याचं विचारलंच तर म्हण, तुझा बाप वेंधळा हाय, त्यानं सांडलं.

मी टेम्पो घेऊन पडेगावला भावाच्या विहिरीवर चाललोय. दिवेलागणीच्या आत पाणी आणतो. पण आता भरलं की तोंडाला फडकं बांधायचं, आन् दर आठवड्याला रिकामं करून घासायचं. तू कुरकुर केलीस तरी मी घासणार.

मच्छरदाणी काढायला माळ्यावर चढलो होतो. ती सुनंदाच्या खाटेला बांधलीय. तिथंच मागं पाळणा होता, गेल्या साली तू डोळ्याआड ठेवायला सांगितलेला. तो खाली काढून धुतलाय. त्याच्या मापाची दुसरी मच्छरदाणी शिंप्याकडं शिवायला टाकली हाय.