अजून कच्चंच आहे

२७ ऑगस्ट २००६
बाबांनी तिकीट पुन्हा पुढे ढकललं! लेकाला, मिहीरला म्हणाले, "तुमचं अंजीर पिकलं की जातो." झाड लावून पाच वर्षं झाली, इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या थंडीत एक फळ कधी पिकलं नाही. एप्रिलमध्ये आले तेव्हा 'दोन महिन्यांत परततो' म्हणत होते. सासवडला चाळीस वर्षं अंजिराची बाग केलेला माणूस — माझ्या एका झाडासाठी अडून बसलाय? सासऱ्यांना तोंडावर विचारायचं कसं?

३ सप्टेंबर
फळं ढीगभर, सगळी हिरवी, टणक. शेजारचे सॅल कुंपणावरून म्हणाले, फळाच्या बुडाशी असलेल्या डोळ्यावर ऑलिव्ह ऑइलचा थेंब लावा, आठवड्यात पिकेल. मी बाबांना सांगितलं. हसले. "आमच्याकडे ऊन पिकवतं. तेल कशाला?" पण संध्याकाळी स्वतःच कापूस मागितला! मी वाटी धरली, ते एकेक फळ टिपत गेले — बाळाच्या टाळूला तेल लावावं तसं.

१३ सप्टेंबर
सहा फळं पिकली! जांभळी झाली, मान टाकली. बाबांना ओढतच नेलं. त्यांनी दाबून पाहिलं. "अजून कच्चं आहे."
कच्चं? साल चिरलीय! वल्लरीनेही बोट लावलं — "आजोबा, इट्स मुशी!"
"कच्चं म्हटलं ना!"
नातीवर पहिल्यांदाच आवाज चढवला. मग किती वेळ गराजमध्ये एकटेच बसले होते.

१४ सप्टेंबर
मिहीर म्हणतो, नजर कमी झाली असेल. नजर? काल मला सुईत दोरा ओवून दिला!

१६ सप्टेंबर
दोन गळून पडली. बाबा गुपचूप कचऱ्यात टाकत होते. मी बघतेय हे त्यांना कळलं. माझं काही चुकतंय का? की त्यांना जायचंच नाहीये? मग बोलत का नाहीत? तिकीट आठ ऑक्टोबरचं. मिहीरने आज बॅगा काढल्या, मलाच कसंतरी झालं.

१८ सप्टेंबर
बाबा वॉकला गेले होते, तेवढ्यात सासवडहून गिरीशभाऊजींचा फोन. "वहिनी, इथे आल्यावर बाबा कसे राहतील, कळत नाही. बाग मार्चमध्येच तोडावी लागली, सगळी मुळं सडली होती. तुम्हाला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यांनी."
बाबा आले. चहा दिला. म्हटलं, "बाबा, तिकीट कॅन्सल करू?"
कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.
"कर."