फुटक्या बिस्किटांची गोणी

वैजापूर, ५ जानेवारी २०२६

चि. सौ. सरितास,
मालनअक्काचे अ. आ.

पोरगी तुझ्याकडं शिकायला धाडली होती का फुगवायला? काल राजनंदिनी एसटीतून उतरली तर तिच्या बापानं आधी वळखलंच नाय. पोलीस भरतीचं मैदान मार्चात. बांधावरून पळून दाखव म्हणलं, तर विहिरीपर्यंत गेली अन् धापा टाकत खाली बसली. सकाळी काय खाती विचारलं, तर चहा-बिस्किट. दुपारी? बिस्किट. मावशी कंपनीतून फुटक्या बिस्किटांची गोणी आणती म्हणं, कामगारांना फुकट असती. अगं, फुकट हाय म्हणून पोटाची कचराकुंडी करायची का? मी दिलेली बाजरी किडे खात असतील. किडे तरी शहाणे.

फोनवरच बोलले असते, पण माझा आवाज चढला की तुझी रेंज जाती. म्हणून शेजारच्या सोमनाथच्या कांद्याच्या गाडीत चिठ्ठी देते. तुझे दाजी बरे हायेत. लोभ हायेच, सध्या राग जास्त हाय.

मालनअक्का

चिकलठाणा, ८ जानेवारी

ती. सौ. मालनअक्कास,
सरिताचा शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी पोचली. गाडीभर कांद्यात तीच जास्त झोंबली. बाजरी हाय तशी हाय, पण भाकरी थापायची कोणी? हे ट्रकवर. मी दिवसभर कंपनीत बिस्किटांच्या पट्ट्यापाशी उभी, घरी आल्यावर हात उचलत नाय. तुझ्या लेकीनं एकदा थापली, तर तव्यावर जाईपर्यंत तीन तुकडे. माझी पोरगी फौजदारीण होणार म्हणून तूच तिला चुलीपाशी येऊ दिलं नाय.

गोणीत काय असतं ते मी रोज बघते. पांढराधोट मैदा, साखर, पामतेल. कोंडा औषधाला नाय. म्हणून खाल्लं तरी पोट गप होत नाय, घटकाभरात हात पुन्हा डब्यात. कळतं गं, पण आयतं असलं की हात जातो. मीबी सुटलेय, पोलकी उसवून झाली. कंपनीत डॉक्टरचं शिबिर झालं, त्यात साखर वाढलेली निघाली. उपाशीपोटी पुन्हा तपासा म्हणले. अजून गेले नाय. दाजींना सांगू नको.

नंदिनीला सोमवारी लावून दे, क्लास बुडतोय. लोभ वाढवावा, शिव्या कमी कराव्यात.

तुझी सरिता

वैजापूर, ९ जानेवारी

चि. सौ. सरितास अ. आ.

साखर निघाली, अन् ते तू पोलक्याच्याबी मागून लिहितेस? दाजींना सांगायचं राहिलंच नाय, माझा चष्मा सापडंना म्हणून चिठ्ठी त्यांनीच मला वाचून दाखवली. मग म्हणले, म्हशीचं मी बघतो, तू जा. म्हैस ज्या माणसाला जवळ उभं करत नाय तो हे म्हणतोय, त्यावरून समज.

सोमवारी नंदिनीसंग मीच येते. मैदान होईपर्यंत हलणार नाय. तवा माझा आणते. मी थापीन, नंदिनी शिकंल, तू खाशील. पहाटे तिनं पळायचं, तू चालायचं. मी पाय ठेवायच्या आत गोणी घराबाहेर पाहिजे. म्हशीला होईल म्हणून इकडं पाठवू नको, तिनं काय गुन्हा केला?

भरती पुढल्या सालीबी निघंल. बहीण निघत नाय. तपासायला कोणत्या वारी जाणार तेवढं कळव. बघू, जमंल तसं, असलं लिहू नको, वार लिही. सोमनाथ रविवारी सकाळी परत येतो, त्याच्या हाती उत्तर पाहिजे.

लोभ वार कळल्यावर.

मालनअक्का