मॅनेजरला माहीत होतं का

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी आज लिहायला बसलो आहे. सामन्याच्या दिवशी तुम्ही आमच्यासारखाच निळा गणवेश घालून बोरी अरबच्या बाजारातून निघायचात आणि लोक हसायचे. ‘मास्तर, तुमीबी पोट्टे झाले काय?’ तुम्ही सायकल थांबवून समजावायचात, ‘अरे बाप्पा, बेसबॉलमधे मॅनेजरबी ड्रेस घालते. जपानात जा का अमेरिकेत जा.’ कुणाला पटायचं नाही. आम्हाला मात्र वाटायचं, तुम्ही आमच्यातलेच एक आहात.

मला दोन जन्मतारखा होत्या, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. पहिली-दुसरी मी मारेगावकडे मामाच्या गावी शिकलो. बाबांनी इकडे आणून पुन्हा पहिलीत घातलं तेव्हा वय दोन वर्षांनी कमी लिहिलं. जिल्ह्याच्या सामन्यात समोरच्या संघाने तो जुना दाखला शोधून आणला. यवतमाळला मैदानावरच बेसबॉल संघटनेच्या समितीपुढे आपण दोघं उभे होतो. टेबलामागचे गृहस्थ मला म्हणाले, ‘मॅनेजरनं सांगतलं असन तं तुह्या खेळाले काही होत नाही. सांग, सरले मालूम होतं काय?’ मी खाली बघून म्हणालो, ‘सरनंच सांगतलं.’ तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग त्यांच्याकडे. ‘पोट्टं म्हणते तसं,’ एवढंच बोललात. तुमच्यावर कायमची बंदी आली. मैदानामागे जाऊन तुम्ही तो निळा शर्ट उतरवलात, घडी घालून बॅटांच्या पिशवीत ठेवलात आणि साधा शर्ट चढवलात. आपण एसटीने परत निघालो. गाव जवळ आलं तेव्हा वळून म्हणालात, ‘दोन वर्सं मोठा हायेस, तरी वळनारा कर्व्ह बॉल लागत नाही तुले?’ मी हसलो, सर. खोटं बोललो त्याहूनही त्या हसण्याची लाज मला जास्त वाटते.

त्यानंतर आपला सामना असला की तुम्ही तारेच्या कुंपणाबाहेर, सायकलला टेकून उभे राहायचात. पुढे खेळाच्याच प्रमाणपत्रावर मला नोकरी लागली. मी पेढे घेऊन आलो, तुम्ही एक खाल्लात. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बसतो. सगळे एकत्र म्हणत असल्याने शेजारच्याला कळत नाही.

आता त्या समितीच्या टेबलामागे मी बसतो. गेल्या आठवड्यात दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरचा मुलींचा संघ आला होता. तिथल्या शाळेतल्या तरुण बाईच त्यांच्या मॅनेजर. एका मुलीचे दोन दाखले निघाले. शेजारच्या सदस्याने तोच प्रश्न विचारला आणि मुलगी नखाने टेबल खरवडत म्हणाली, ‘बाईनंच सांगतलं.’

‘काय बोलून राह्यली तू?’ बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या, ‘सर, मले खरंच मालूम नव्हतं. तुमी तरी इचारा तिले एकडाव.’

मुलीचा तो आवाज मी ओळखला होता; यवतमाळला माझाही तसाच होता. त्या खोलीत मीच एकटा ओळखू शकत होतो. पण पुन्हा विचारलं असतं आणि कुणी म्हटलं असतं, ‘तुमाले काहून वाटते ते खोटं हाये म्हणून?’ तर मला माझं खोटं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, ‘नियम आहे, बाई,’ आणि बाईंच्या बंदीवर सही केली.

बुधवारी त्यांच्या अपिलाची सुनावणी आहे. ते फेटाळलं गेलं तर बाई पुन्हा कधी मॅनेजर होणार नाहीत आणि तांड्यावरचा संघ मोडेल, कारण दुसरं कुणी तिकडे जायला तयार नाही. मुलीचं ऐकून मी तिच्यावर विश्वास का ठेवला नाही, हे मी समितीला लिहून दिलं तर अपील टिकेल. तो कागदही इथेच आहे. त्यावर अजून ‘महोदय’ एवढंच लिहून झालं आहे. तुम्हाला आधी लिहिलं ते तुमचा मान म्हणून नाही, सर. तुम्ही उलट काही विचारणार नाही, म्हणून.